रुईला पाणी

माणसानं माणसाच्या शेतात यावं तर दोन पायांवर यावं. पोटावर सरपटत येणाऱ्याला आमच्याकडे साप म्हणतात, नाहीतर चोर. आणि हा धुळ्याचा मास्तर, अंगात कोट, डोळ्यांवर चष्मा, दिसायला चांगल्या घरचा, तो माघाच्या थंडीत, दिवस उगवायच्या सुमाराला, तापीच्या वाळूत पालथा पडून झुंबरबाईच्या डांगरवाडीत घुसला. डोक्याला झाऊच्या फांद्या बांधलेल्या, पुढ्यात एक काळी पेटी. ना हाक, ना रामराम!

झुंबरबाईची सून यशोदा झिऱ्यावरून घागर भरून येत होती. नदीच्या वाळूत हातभर खणलं की पाणी पाझरतं, तोच झिरा. त्याच पाण्यावर सावद्याच्या खालच्या पात्रात डांगरांचे वेल जगतात. यशोदाला वेलाच्या आळ्याशेजारी एक झुडूप हललेलं दिसलं. काल तिथं झुडूप नव्हतं. तिनं फार विचार केला नाही. घागर उचलली आणि सगळीच्या सगळी त्याच्यावर उलटी केली.

झुडूप बोंबललं.

"अहो बाई! काच भिजली!"

"माणूस भिजला त्याचं काही नाही?"

"माणूस वाळतो हो... काच वाया जाते. फोटोची काच आहे ती." तो उठून बसला. चष्म्यावरून पाणी ओघळत होतं. "दीड तास पडलो होतो. ती बघा, उडाली."

यशोदानं वर पाहिलं. काळ्या टोपीची, पिवळ्या चोचीची, लाल पायांची सुरय पाण्यावरून तिरपी निघून गेली होती.

"पाखरासाठी झुडूप झाले तुम्ही?"

"झालो."

"मंग तक्रार कायची? झुडपाले पानीच घालतात, मास्तर."

तो हसला. ओला, गारठलेला, दात वाजत असतानाही हसला. आणि यशोदानं पदर कपाळावर ओढून घागर उचलली, ती पुन्हा झिऱ्याकडे. पाऊल मात्र रोजच्यापेक्षा जरा... हलकं पडत होतं.

खोपीच्या दारातून झुंबरबाईनं हे सगळं पाहिलं. तिला कमी ऐकू येतं असं गावानं ठरवून टाकलं होतं, आणि तिनंही गावाचा गैरसमज मोडला नव्हता. बहिऱ्या बाईपुढं लोक खरं बोलतात.

ही गोष्ट फैजपूरला काँग्रेस भरली, त्याच्या पुढच्या माघातली. मास्तराचं नाव जीवराम. धुळ्याच्या एका शाळेत मुलांना ड्रॉइंग शिकवायचा. काँग्रेस पाहायला आला, तेव्हा परत जाताना त्यानं तापीकाठची पाखरं पाहिली आणि तिथंच त्याचं डोकं फिरलं. कुणा पेन्शनर प्रोफेसराच्या पुस्तकासाठी पाखरांचे फोटो काढायचं काम त्यानं अंगावर घेतलं, महिन्याची रजा काढली आणि गावच्या देवळात पथारी टाकली. ज्ञातीनं आपलाच. वय सव्वीस. लग्न नाही.

"काहून नाही केलं?" झुंबरबाईनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"ड्रॉइंगच्या परीक्षा देत राहिलो, अक्का."

"धुळ्यात परीक्षा देनाऱ्याले पोरी देत नाही काय?"

झुंबरबाई अशी होती. तिचा मुलगा वना तीन वर्षांपूर्वी कॉलऱ्यात गेला. यशोदा तेव्हा सतरा वर्षांची. गावातल्या बायांनी 'पांढऱ्या पायाची' म्हणून कुजबुज केली, तेव्हा भर पाणवठ्यावर झुंबरबाई म्हणाली होती, "पाय माह्या सुनेचे हायेत. कोनाले आवडत नसतील त्यानं पुढं यावं, त्याच पायाची लाथ खावी." पुन्हा कुणी तो शब्द काढला नाही.

पण सुनेचं पुढं काय, हा प्रश्न लाथेनं सुटणारा नव्हता. आमच्या ज्ञातीत विधवेचा पाट लागतो, त्यात लाज नाही. सासरचा होकार मात्र लागतो. झुंबरबाईचा चुलत पुतण्या लोटन, चाळिशीचा, बायको गेलेला, दोन लेकरांचा बाप, यशोदाला मागत होता. गावचे झुलाल आबा मध्यस्थ. होळीला सुपारी फोडायची, तोवर झुंबरबाईनं काय ते सांगायचं. आणि झुंबरबाईनं मनातल्या मनात हो म्हणून ठेवलं होतं. लोटनचं घर भिंतीला भिंत लागून. सून दुसऱ्याची झाली तरी हाक मारली की येईल. पाणी भरील, वेल राखील, निजताना गुडघ्यांना तेल चोळील. यशोदाला कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

मास्तर रोज यायला लागला. आता बरं का, दोन पायांवर. तिपाईवर ती पेटी ठेवायचा, डोक्यावर काळं फडकं घ्यायचा आणि आत बघत बसायचा. एक दिवस यशोदा घागर टेकवून उभी राहिली.

"आत काय दिसते?"

"बघा की."

तिनं झुंबरबाईकडे पाहिलं. झुंबरबाई वेलाखालचं गवत उपटत होती, बहिरी. यशोदा फडक्याखाली वाकली... आणि क्षणभरानं फडक्यातून हसू फुटलं. तीन वर्षं दाबून ठेवलेलं, मोकळं, पोटातून आलेलं हसू. नदीपलीकडचे बगळेसुद्धा उठले.

झुंबरबाईचा हात गवतातच राहिला. हा आवाज आपल्या घरात होता, हे ती विसरूनच गेली होती.

"कोनाले हसू राह्यली वं?"

"तुम्हाले, आत्याबाई!" यशोदा डोळे पुसत बाहेर आली. "पेटीत सगळं उलटं दिसते. तुमचे पाय वर, डोकं खाली. तरी तुम्ही गवत उपटूच राह्यल्या!"

"मंग काय करू? जग उलटं झालं म्हनून वेल वाळू देऊ?"

मास्तर हळूच म्हणाला, "उलटं दिसलं तरी फोटो सरळ येतो."

"सगळ्यांचाच येते?" यशोदानं विचारलं. हसू अजून ओठांवर होतं, पण प्रश्न हसण्यातला नव्हता.

"धीर धरला तर... येतो."

फाल्गुन लागला. वाडीच्या टोकाला, मोकळ्या वाळूत, सुरयीनं अंडी घातली. घरटं म्हणावं तर काही नाही, वाळूतली नुसती खळगी, आणि तीन ठिपक्यांची अंडी. ती यशोदानंच दाखवली. मास्तराला आता सरपटून भागेना. आडोसा हवा होता. झुंबरबाईनं आपलं जुनं हिरवं लुगडं दिलं. चार काठ्या रोवून त्यानं बसकं पाल केलं, पेटीच्या डोळ्यापुरतं भोक ठेवलं.

"पन पाखरू तर पाहते तुम्ही आत जाताना," यशोदा म्हणाली. "तुम्ही निंघेपर्यंत येनार नाही ते."

"म्हणून दोघांनी आत जायचं आणि एकानं बाहेर निघून लांब जायचं. पाखराला वाटतं, गेलं माणूस. त्याला मोजता येत नाही ना."

"बरं हाये पाखराचं," यशोदा म्हणाली.

दुसरा माणूस म्हणून नावाडी कय्युम यायचा. मास्तरासोबत आत शिरायचा, बिडी पेटवत एकटा बाहेर पडायचा आणि नावेकडे जायचा. सुरय फसायची. मास्तराच्या काचा भरत होत्या.

पालाशेजारी रुईचं एक झुडूप होतं. पहिल्याच दिवशी मास्तरानं पालाची दोरी त्याला बांधली, आणि झुंबरबाई कडाडली:

"सोड ती दोरी! कुंवार हायेस ना तू? रुईले कायले हात लावतो?"

यशोदानं मान फिरवली. तिचे कान लाल झाले होते. आमच्यात कुंवाऱ्या मुलाला विधवेशी पाट लावायचा असला तर आधी त्याचं रुईशी लग्न लावतात. हळद, अक्षता, मंगलाष्टकं, सगळं. रुई पहिली बायको, बाई दुसरी. म्हणजे दोन्हीकडचं दुसरेपण सारखं. मास्तर ज्ञातीतलाच, त्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यानं गुमान दोरी सोडली, खुंटीला बांधली.

पण दुसऱ्या दिवशी जाताना त्यानं आपल्या तांब्यातलं उरलेलं पाणी रुईच्या बुडाशी ओतलं. तिसऱ्या दिवशीही. रुई ही काय पाणी मागणारी जात? उकिरड्यावर, दगडात, भर उन्हाळ्यात ती हिरवी. चौथ्या दिवशी झुंबरबाईनं पाहिलं: मास्तर पाणी ओततो आहे, आणि वीस पावलांवर झिऱ्याशी यशोदा भरलेली घागर खाली ठेवून उभी आहे. दोघंही एकमेकांकडं बघत नव्हते. न बघण्याचीसुद्धा एक तऱ्हा असते.

झुंबरबाईनं बोटांवर दिवस मोजले. होळी सहा दिवसांवर होती.

पाचव्या दिवशी कय्युम आला नाही. सावद्याचा बाजार होता, त्याची नाव माणसांनी भरली होती. मास्तर पालाजवळ घुटमळत उभा राहिला.

"अक्का... एकटा गेलो तर सुरय येणार नाही. आज शेवटची काच आहे. यशोदाबाईंनी फक्त आत येऊन लगेच—"

"माही सून तुह्यासोबत एकटी आत जानार नाही. मी येते. आम्ही दोघी येऊ, दोघी निंघू."

तिघं वाकून आत शिरले. लुगड्याच्या हिरव्या उजेडात गुडघ्याला गुडघा लागत होता. झुंबरबाई मध्ये, किल्ल्याच्या भिंतीसारखी. मास्तर काच बसवत होता. यशोदा श्वास धरून.

तेवढ्यात बाहेर वेल कराकरा तुटल्याचा आवाज आला. बहिरी झुंबरबाई सगळ्यांत आधी उठली. भोकातून पाहते तर कुणाची तरी म्हैस वाडीच्या मधोमध, तोंडात फुललेला वेल!

"तुह्या मालकाचं वाटोळं झालं!" झुंबरबाई लुगडं उचलून बाहेर पडली ती वहाण हातात घेऊनच धावली.

म्हैस हाकलायला वाडीच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत जावं लागलं. ती दम खात वळली आणि जागीच थबकली. सुरय परत आली होती. एक माणूस गेलं म्हणजे सगळे गेले, असं समजून ती डौलात अंड्यांवर बसली होती. लुगड्याच्या आत दोघं होते. दोघांना तिथं ठेवून बाहेर आलं होतं कोण? झुंबरबाई स्वतः!

आणि दरडीवर लोटन उभा होता. पाखराला मोजता येत नाही. लोटनला येत होतं.

तो झुलाल आबांना घेऊनच खाली उतरला.

"काकू, तीन आत गेले. एक भाईर आलं."

"म्हैस कोनाची होती ते सांग आधी."

"म्हशीचं सोड. दोघं आत काय करू राह्यले?"

"फोटो काढू राह्यले."

"लुगड्याच्या आत?"

"माह्या लुगड्याच्या आत! माह्या लुगड्याआड माही सून बसली, त्यात तुहं काय उघडं पडलं?"

झुलाल आबा खाकरले. "झुंबरबाई, तू मानी बाई. पन गाव मोजते. संध्याकाळपर्यंत पानवठ्यावर हेच चालीन."

लोटननं आवाज उतरवला. उतरवलेला आवाज जास्त कडू होता. "मी अजून घेतो म्हनतो तिले. झाकून घेतो. दुसरा कोन घेईन आता? आजच सुपारी फोड, काकू. उपकार समज."

"बोलावते त्यांले," झुंबरबाई म्हणाली आणि पालाच्या मागच्या अंगानं, सुरयीला दिसणार नाही अशी, गुडघे धरत जाऊन वाळूत बसली. हाक मारायला तोंड उघडलं... आणि मिटलं. कापडापलीकडे, अगदी कानाशी, कुजबुज चालू होती.

"तुम्ही जा ना," मास्तर म्हणत होता. "काच गेली तर गेली."

"हलू नका. ऊन चढलं. ती उठली तर अंडी शिजतील."

"बाहेर लोक आहेत. तुमचं नाव—"

"माह्या नावाचं होळीले ठरलेलं हाये. लोटनभाऊच्या घरी."



"तुमची मर्जी आहे?"

"मर्जी कोन पुसते?"

"मी पुसतो."





"रुईले पानी कोनासाठी घालत होते?"

"तुम्हीच म्हणालात... झुडपाला पाणीच घालतात."

"सगळ्या झुडपांले नाही घालत कोनी."

"नाही. एकालाच घातलं." मास्तर म्हणाला. "मी अक्कांना विचारतो. आत्ता. बाहेर निघाल्या निघाल्या."

"नका पुसू! त्या हो म्हनल्या तरी मी येनार नाही." यशोदा रडत होती, पण रडण्याचाही आवाज होऊ देत नव्हती, पाखरू उठेल म्हणून. "गाव मले पांढऱ्या पायाची म्हनत होतं, तवा त्या एकट्या उभ्या राह्यल्या. आता त्यांचे गुडघे गेले. त्यांले झिऱ्यावर वाकता येत नाही, कोनाले सांगत नाही त्या. असं मानूस टाकून मी धुळ्याले येऊ? कशी येऊ... तुम्हीच सांगा."

मास्तरानं चष्मा काढून कोटाला पुसला.

"मंग काही नाही," ती म्हणाली. "फोटो काढा. तुम्ही फोटो काढा."

झुंबरबाई कापडाच्या कडेनं बघत राहिली. सुरय अंड्यांवरून उठली होती. पण पळाली नव्हती. पाण्यावर जाऊन पोट भिजवून आली, आणि पंख जरासे पसरून, अंडी सावलीत घेऊन उभी राहिली. स्वतः उन्हात. एवढंसं पाखरू! मोजता येत नाही त्याला, पण सावली कुणी कुणावर धरायची ते कळतं. झुंबरबाईनं तीन वर्षं सुनेची सावली आपल्याच डोक्यावर धरून ठेवली होती, आणि तिला माया म्हणत आली होती.

तिनं कमरेची चंची सोडली. अख्खी सुपारी काढली, अडकित्त्यात धरली. कट्!

त्या आवाजाला लोटनचा चेहरा उजळला. सुपारी फुटली म्हणजे शब्द ठरला. तो मागं घेता येत नाही. तो हात पुढं करत आला.

"दम धर," झुंबरबाई हळू आवाजात म्हणाली. "पाखरू उठीन."

पालाच्या आत 'खट्ट' झालं. काच भरली.

मग झुंबरबाईनं स्वतःच लुगडं वर केलं. दोघं उन्हात डोळे मिचकावत बाहेर आले. यशोदानं आधी मास्तराचं काळं फडकं घेऊन दोन काड्यांवर ताणून अंड्यांवर सावली टाकली, आणि मगच मान खाली घालून उभी राहिली. मास्तरानं लोटनला पाहिलं, आबांना पाहिलं, फुटलेली सुपारी पाहिली. त्याची शाळेतली शुद्ध भाषा कुठल्या कुठं पळाली, घरची अहिराणी बाहेर आली.

"अक्का, बठ्ठी, सगळी चूक मनीच शे. यास्ले काही बोलू नका. मना मन मा..."

"काय शे तुह्या मनात ते सगळ्या नदीले माहीत हाये," झुंबरबाई म्हणाली. "रुईलेसुद्धा."

"आत्याबाई—" यशोदा पुढं झाली. "मी जानार नाही. मी सांगितलं त्यांले."

"ऐकलं मी. मी बहिरी नाही, पोरी, कधीच नव्हती." झुंबरबाई उठायला लागली. यशोदानं सवयीनं हात दिला. तिनं तो हात घेतला, उभी राहिली, पण सोडला नाही. "वाडी यंदा अर्ध्यानं कय्युमच्या घरवालीले देते, साबेराले. ती मागतच होती. आन् गुडघे माहे हायेत, माह्या हातांले सापडतात."

"काकू, सुपारी माह्या नावानं फुटली," लोटन ओरडला.

"तुह्या नावाची ती म्हैस होती, लोटन, तूच सोडली माह्या वाडीत. तिच्या कानाची खूण मी वळखते."

झुलाल आबांनी लोटनकडे पाहिलं. लोटननं दरडीकडे पाहिलं. मग आबा वाळूत बसले आणि पागोटं सारखं करू लागले, साक्षीला बसतात तसे.

झुंबरबाईनं सुपारीचं एक खांड मास्तराच्या तळहातावर ठेवलं. दुसरं यशोदाच्या. तिच्या हाताची बोटं स्वतःच मिटवली. ती मास्तराकडे वळली.

"ऐक, मास्तर. तीन दिवस रुईले पानी घातलं, उद्या तिले हळद लाव. परवा माह्या पोरीशी पाट लाव. दर डांगराच्या दिवसांत तिले इथं आनून माह्यापुढं उभी करायची, हसरी. पाखराले मोजता येत नाही, मले येते, दोघांतलं एक जरी कमी दिसलं तरी मी धुळ्याले येईन. आन् आला होता तू पोटावर सरपटत. जाशीन तो तिचा हात धरून, भर गावातून, दोन पायांवर!"